मोठा तुकडा

प्रिय ठोंब्या,

फोनवर तू विषय बदलतोस आणि भेटलास की पाहुण्यासारखा गोड हसतोस, म्हणून हे पत्र. कागदाला मध्येच ‘बरं, ठेवतो’ म्हणता येत नाही.

बेकरी छान चालली आहे. नवी भट्टी एका बाजूने जास्त तापते, म्हणून बाबांसारखी मीही ट्रे अर्ध्यात फिरवते. तुझे दाजी काउंटरवर बसून केकपेक्षा गप्पाच जास्त विकतात. गंमत माझीच झाली आहे. मी हल्ली क्रीम चाखते आणि चक्क थुंकते, मग चूळ भरते. परवा एका गिऱ्हाइक बाईंनी ते पाहिलं आणि मुलाच्या वाढदिवसाचा केक रद्द करायला निघाल्या. माझ्या क्रीमला नावं ठेवायला मी स्वतःच उभी आहे असं वाटलं असणार त्यांना. दाजींनी कसंबसं समजावलं.

या थुंकण्याचं कारण तुला अर्धंच ठाऊक आहे. तुझ्या यकृताने हात टेकले आणि घरातल्याच कुणाच्या तरी यकृताचा तुकडा बसवावा लागेल असं ठरलं, तेव्हा रक्त तपासायला सगळ्यात आधी मी बाही वर केली. रिपोर्ट आले आणि माझं तोंड बघण्यासारखं झालं. यकृताची एन्झाइम्स दुपटीच्या वर, उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं, दारू घेता का. अरे, रमच्या केकची चवसुद्धा मी घेत नाही, नुसत्या वासावर काम भागवते! दाजी मात्र पुढे कितीतरी दिवस माझी कपाटं उघडून बघत होते.

मग बाईंनी जे सांगितलं ते मला झटकन कळलं. यकृत म्हणजे शरीराचं साखरेचं कोठार. जेवलो की भरून घेतं, पोट रिकामं असलं की थोडी थोडी सोडतं. त्यात चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि गरज नसताना साखर सोडत बसतं. त्याच चरबीने दुखावलेल्या पेशींतून एन्झाइम्स रक्तात पाझरतात. म्हणून माझे दोन्ही आकडे जोडीने चढले होते. चहातली साखर मी कधीच सोडली होती आणि त्याची फुशारकीही मारत होते. पण दिवसभर चमच्याने चाटलेलं क्रीम, मोडकी बिस्किटं, केकच्या कापलेल्या कडा, हे मी कधी खाण्यात धरलंच नव्हतं. ते काम होतं ना माझं!

मी नापास झाल्यावर तुला केवढं हायसं वाटलं, ते मी पाहिलं. ताई बाद, विषय संपला, असं सगळ्यांना सांगत सुटलास. तिकडे तुझी बायको स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडत होती. मला तुझा असा राग आला म्हणून सांगू! राग आला आणि पोटात तुटलंही. लहानपणापासून तू असाच. उरलेल्या केकसाठी बाबांनी नियम घातला होता, एकाने कापायचा आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. मी कापला की एक तुकडा हमखास मोठा व्हायचा, आणि तू मुद्दाम लहान उचलायचास. मोठा माझ्या वाट्याला यायचा, पण मला तो गोड लागायचा नाही. रडूच यायचं.

तर आता ऐक. मी रोज चालते, थुंकते, पोळ्या मोजून खाते, वजन उतरवते, हे सगळं स्वतःच्या साखरेसाठी असं तू धरून चाललास आणि मी चालू दिलं. काल पुन्हा रिपोर्ट आले. एन्झाइम्स जागेवर, साखर जागेवर, स्कॅनमध्ये चरबी जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी मला पास केलं आहे. धोका काय ते बाईंनी काही न लपवता सांगितलं. दाजी घाबरले आहेत, थोडी मीही, पण तुझ्याशिवायच्या घराची भीती त्याहून मोठी आहे. माझं यकृत पुन्हा वाढेल, भाऊ काही पुन्हा मिळायचा नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुझी तेवढी राहिली आहे. या खेपेला कापणार आहेत सर्जन. उचलायचं तुला. मोठा तुकडा तुझा आहे, निमूटपणे घे.

तुझीच,
पास झालेली ताई