मेरी काकूंच्या नाचासाठी बत्तीस घरं

४ जाने., रवि.
उजव्या तर्जनीला फोड आला आणि मला कसली खुशी होऊन राह्यली! सॅम्युएल काकांना बोट दाखवलं. म्हणाले, "आला? बराबर! आता शिकवतो." म्हंजे हे तीन आठवडे काय चाल्लं होतं?

काका चर्चमागच्या गल्लीतले, रेल्वेतून रिटायर. तरुणपणी सिकंदराबादेत नाचाच्या बँडमध्ये डबल बास वाजवायचे, म्हंजे उभ्यानं बोटानं तारा छेडायचं ते भलंमोठं व्हायोलिन. तोच बास त्यांच्या घरच्या हॉलच्या कोपऱ्यात उभाय, माझ्याहून उंच. काका त्याला म्हातारी म्हणतात. शाळेत मला सगळे उंटीण म्हणायचे. म्हातारीशेजारी जन्मात पहिल्यांदा बुटकी दिसले.

चहा पिता पिता मेरी काकूंनी बॉम्ब टाकला. १५ फेब्रु.ला लग्नाला पन्नास वर्षं, चर्चच्या हॉलमध्ये जेवण. "मला ह्याच्याबरोबर नाचायचंय. पन्नास वर्षांत एकदा न्हाई नाचला. जिथं तिथं हा बास धरून उभा आणि मी खुर्चीवर!" आणि लगेच पुढच्या गुरुवारी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. नंतर नाचता येईल न येईल, डॉक्टर काही बोलत न्हाई. काकांना मोकळं करायचं तर बास दुसऱ्या कुणीतरी धरायला पाहिजे. जालन्यात दुसरं कोण? दोघं माझ्याकडं बघून राह्यले. मी हो म्हणून बसले!! सहा आठवडे. आई गं.

७ जाने.
धून बत्तीस बारची. मी बारला घर म्हणते. एका घरात चार मात्रा, प्रत्येक मात्रेला एक सूर, मधी थांबायचं न्हाई. ह्याला वॉकिंग बास म्हणतात. नुसतं चालत राह्यचं, नाचणारे आपल्या भरवशावर. "हात्तिच्या, एवढंच?" म्हणाले मी. जीभ छाटायला पाहिजे माझी.

११ जाने., रवि.
काकांनी बास राहू दिला, मलाच गल्लीत काढलं. "वाजवतेस ते तोंडानं म्हण आणि चाल." चर्च ते पिठाची गिरणी. काका मागून ओरडले, "लंबू, तू दर चार पावलांनी देवाला नमस्कार करून राह्यलीस!"

खरंय. घनसावंगीला बाबांच्या भजनी मंडळात पेटी वाजवत मोठी झाले. पहिल्या मात्रेवर सम आली की मान खाली जाणार, पाय जड पडणार. इथं उलटं, जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि चाल एकसारखी. गिरणीवाल्या चाचांनी विचारलं, "बेटी, पाँव में मोच आई क्या?"

१४ जाने.
संक्रांत. आमच्या बियाण्यांच्या लॅबला सुट्टी न्हाई. ओल्या कागदावरच्या उगवलेल्या बिया मोजताना चार-चार धरल्या, दुसरीवर चौथीवर जोर. एका ट्रेचा आकडा चुकला. मॅडम म्हणाल्या, "लक्ष कुठंय?" सतराव्या घरात होतं. तिथं धून वळते आणि मी दर वेळी सरळच जाते.
तिळगूळ काकांना दिला. काकूंनी दोन घेतले.

१८ जाने., रवि.
आजचं लिहून ठेवायलाच पाहिजे.
रे म ध झालं, पुढच्या घरात प वर जायचं. मधी एक सूर कमी पडतो. काकांनी तिथं कोमल ध लावला. ध नंतर लगेच कोमल ध! मी हातच काढून घेतला. लहानपणी रागात नसलेला सूर लागला म्हणून बाबा अख्खा दिवस माझ्याशी बोलले नव्हते. काका म्हणाले, "शेजाऱ्याच्या ओट्यावरून आपल्या घरात उडी मारली न्हाई का कधी? तिथं राह्यचं न्हाई. पाय ठेवायचा अन् निघायचं."
वाजवला. अगं बाई! प इतका गोड कधीच लागला नव्हता. वीसदा वाजवला. काकू आतून म्हणाल्या, "पोरगी बिघडली!"

२५ जाने., रवि.
पीटर सर आले, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतात ते. पहिल्यांदा दोघांनी मिळून. सात घरं बराबर गेली. मला आनंद मावेना, आणि आठव्या घरात हातून तिहाई निघून गेली! तोच तुकडा तीनदा, समेवर धाड, आणि मी हात वर करून उभी, भजनात करते तशी. पीटर सर कुठल्या कुठं गेल्ते. काका हसून हसून खोकले.

पण काकू खुर्ची धरून पावलं टाकून राह्यल्या होत्या. त्या तिथंच अडखळल्या, गुडघा दाबून बसल्या. "काही न्हाई, काही न्हाई," म्हणाल्या. माझं हसू गेलं. माझ्या हौसेपायी त्या पडल्या असत्या.

२८ जाने.
शिकायला गेले न्हाई. काकांना फोन करून सांगावं का, जमत न्हाई म्हणून? नंबर काढला, ठेवून दिला. भीती वाटते. वाजवायची न्हाई, काकूंच्या पायांची.

१ फेब्रु., रवि.
घनसावंगीला गेल्ते. बाबांना सगळं सांगितलं, कोमल ध सकट. पीटर सरांबरोबर वाजवलेल्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. कोमल ध ला भुवई वर गेली. मंग विचारलं, "ह्याच्यात टाळ कुठंय?"
म्हटलं, ड्रमवाला न्हाई आमच्याकडं. असता तर दोन आणि चारवर झांज वाजली असती.
"दोन आन् चारवर? उलटंच हाय की!"
उठले, टाळ घेऊन आले. पहिला एकवर पडला. पुन्हा एकवर. "हात ऐकंना च्यायला!" स्वतःवरच चिडले. मंग एकला पाय आपटला, दोनला टाळ. लागलं! मी पेटीवर बासचे सूर धरले. दोनवर टाळ पडायला लागला तसा माझा एक आपोआप हलका झाला. एक महिना रडले ते अर्ध्या तासात! आई म्हणाली, "भाकरी गार होऊन राह्यल्या, बापलेकीला काय झालंय?"
जेवताना बाबा म्हणाले, "पंधराला मी येतो."

८ फेब्रु., रवि.
बाबा आजच तालमीला आले. बाबा, काका समोरासमोर. पाच मिनिटं दोघं नुसतं हवापाणी बोलले. मंग टाळ वाजला आणि काका उभेच राह्यले. "असा ड्रमर सिकंदराबादेत न्हाई मिळाला!" बाबा लाजले. माझे बाबा!
ठरलं ते असं: बत्तीस घरं दोनदा. शेवटी माझी तिहाई, काकांच्या परवानगीनं. तिहाई आली की थांबायचं, काकूंनी पाठच केलंय. गुडघ्याला दोन फेऱ्या झेपतील, डॉक्टर म्हणाले.

१५ फेब्रु., रवि.
संध्याकाळचे सहा. हॉलवरून येऊन तशीच वही उघडली. जमेल तसं लिहिते.

जेवणाआधी काकांनी म्हातारी माझ्या हातात दिली, पण बाजूला सरकेनात. तिच्या खांद्यावर हात ठेवून उभेच. काकूंनी हाक मारली, "सॅमी, तिकडं न्हाई. इकडं." निळी साडी, केसात फूल. काका गेले.

आणि काय सांगू, काकांना नाचताच येत न्हाई! अख्ख्या सिकंदराबादला नाचवलेला माणूस, पाय बेताल. कान सगळा माझ्याकडं, चुकते का बघायला. काकूंच्या पायावर दोनदा पाय दिला. हॉलमध्ये हसू. मला घाम. मी मोजणं सोडलं, काकूंच्या चपलांकडं बघत वाजवलं, त्या पाऊल टाकतील तिथं सूर. बाबांचा टाळ दोनवर, चारवर, घड्याळासारखा. सतराव्या घरात वळले, आणि काकूंनी काकांचा चेहरा हातानं धरून आपल्याकडं फिरवला. तिथून काकांचे पाय लागले! मी रडून राह्यले होते आणि वाजवून राह्यले होते.

दुसरी फेरी संपत आली. तिहाईची जागा आली. काकूंचे डोळे मिटलेले, गाल काकांच्या खांद्यावर. गुरुवारी ऑपरेशन. पीटर सरांनी माझ्याकडं बघितलं. बाबांनी टाळ उचलून भुवयांनीच विचारलं, आता?

मी मान हलवली, न्हाई, आणि पुन्हा पहिल्या घरात शिरले.