तीनशे बारा माणसांचं गाव

अल-खोबर,
१६ नोव्हेंबर २०१८

प्रिय शालनताई,

नमस्कार. आईचा गुडघा आणि तुझी पाठ, दोन्हींची खबर आधी कळव. आम्ही चौघं ठीक आहोत. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून.

दुकानाचं तुला माहीत आहे. जानेवारीपासून गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत सौदी माणसं ठेवायची आहेत. माझ्या जागी अली येतोय. फिल्टरचे नंबर माझ्याकडूनच शिकतो आणि रोज खजूर आणतो, त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

आता एका गावाबद्दल. कॅनडात सस्कॅचेवान म्हणून प्रांत आहे, तिथलं. म्हणायला नगरपालिका, वस्ती तीनशे बारा. आपल्या शाळेच्या पटावर याहून जास्त मुलं होती. नजर जाईल तिथवर सपाट जमीन, गहू आणि मोहरीसारखं पिवळं पीक, एक चर्च, धान्याचं एक उंच कोठार. हिवाळ्यात उणे पस्तीस. शेजारी दोन मैलांवर. रुचिरा मुलांना म्हणाली, “साखर संपली तर वाटी घेऊन गाडीने जायचं का?” त्यावर दोन दिवस हसलो. तिथे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानाला माणूस हवाय.

तिथल्या नगरपालिकेच्या ऑफिसातल्या बाईंनी आपणहून मेल केली. शाळेची बस दारात येते, दवाखाना चाळीस मैलांवर, पण म्हाताऱ्या माणसांना न्यायला नगरपालिकेची गाडी आहे. शेवटी विचारलं होतं, घरात वडीलधारं कोणी आहे का?

मी ‘नाही’ लिहिलं.

ताई, हे सांगायला मी गावाचं एवढं वर्णन केलं. बारा वर्षं आईचं सगळं तू एकटी करतेस. जानेवारीत मी देवरुखला यायचं आणि तू कोल्हापूरच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू व्हायचं, असं आपलं ठरलं होतं. तू माझी खोलीही रंगवून घेतलीस. आणि गेल्या मंगळवारी मी तिकडे होकार कळवून बसलो.

मुलांसाठी केलं, असं लोक म्हणतील. मीही म्हणेन. खरं तर नोकरी गेलेला माणूस म्हणून गावात बसायची मला भीती वाटली. आईचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्याकडे ते मागायची लाज वाटते.

आमच्यामुळे तिथे तीनशे सोळा होतील. आपल्या घरात तुम्ही दोघीच.

आईला ‘त्याचा नाइलाज होता’ असं सांगू नकोस. घाबरला, असं सांग.

तुझ्या रागाची वाट पाहणारा,
विजय