मावशीची म्हैस केल्याबद्दल

चिरंजीव लेखकरावांस,

मावशीचा आशीर्वाद. (नेहमीसारखे अनेक नाहीत, या खेपेला एकच आहे, पुरवून वापर.) तुझा ताप उतरला का? खोकला कसा आहे? गरम पाणी पीत जा, खिडकी लावून झोपत जा. आम्ही दोघं ठीक. तुझी कादंबरी पोचली, वाचली. इथपर्यंत प्रेमाने लिहिलं आहे, पुढचं बसून वाच.

त्यातली शिंपीणबाई म्हणजे मी, हे ओळखायला मला चष्मासुद्धा लागला नाही. तोंडात टाचण्या धरून बोलणारी, गळ्यातली टेप न काढता बाजारात जाणारी दुसरी कोण आहे तुझ्या ओळखीत? ती म्हणे म्हशीसारखी चालते, घारीसारखी बघते आणि भांडायला लागली की टिटवीसारखी ओरडते. अरे, एका बाईत किती जनावरं कोंबशील! तुझ्या काकांना कासव केलंस, तर ते खूश. "कासव पुष्कळ जगतं," म्हणाले आणि परत पेपरात मान घातली. (घातली ती हुबेहूब कासवासारखी, पण हे मी बोलले नाही.) आणि नायक मात्र वाघ! तो वाघ कोण हे मला चांगलं ठाऊक आहे. पाल दिसली म्हणून माझ्या कापडाच्या टेबलावर चढून बसला होता, चांगला मिसरूड फुटलेला, आणि मीच त्याला हाताला धरून खाली उतरवलं होतं.

बरं, मी गप्प बसले असते. पण औषधांच्या दुकानातली बाई कोटाचं माप द्यायला आली आणि मी कपाटाकडे चालत गेले, तर मागून खुसखुस. वळून बघितलं (घारीसारखं, दुसरं कसं बघणार?) तर तिच्या पिशवीत तुझं पुस्तक! त्याच संध्याकाळी वाचनालयात तुझ्या कादंबरीवर चर्चा होती. तू तापाचं निमित्त करून आला नाहीस (ताप खरा असेल तर हे खोडून वाच), म्हणून मी गेले. तिथे एक प्राध्यापक चष्मा पुसत सांगत होते, की ही म्हैस म्हणजे साचलेल्या समाजाचं प्रतीक आहे. मी उभी राहिले.

"साचलेलं काही नाही. ती म्हैस मी आहे."

सगळे वळले. प्राध्यापकांचा चष्मा तसाच हातात. मग मीही सोडलं नाही. म्हटलं, तुमच्यापैकी म्हैस जवळून पाहिली आहे कोणी? ती कुणासाठी पळत नाही. रस्त्यात उभी राहिली तर मोटारी थांबतात. दिवसभर झोपणारा सिंह तुम्हाला शूर वाटतो, आणि जिच्या दुधावर घर चालतं तिचं नाव घेतलं की हसू येतं, हा दोष जनावराचा की लिहिणाऱ्याचा? यावर टाळ्या पडल्या रे! औषधवालीनेही वाजवल्या. नंतर लोक तुझ्या पुस्तकावर माझी सही मागायला लागले. मी केली. 'म्हैस' अशीच केली, ठळक अक्षरात. तेव्हा माफीबिफी मागायला येऊ नकोस. मी जशी चालते तशीच चालणार.

तुझी,
मावशी

ता. क. तुझ्या कोटाची बाही लांब करून ठेवली आहे. ती सोडून दुसरं काही बदललेलं नाही, माझं मतही नाही.

आणखी एक. कादंबरीतली आई मी पुन्हापुन्हा वाचली. शांत, सोशीक, निर्मळ. सगळ्या खानदानात तिला तेवढं एकही जनावर दिलं नाहीस. तुझी चूक नाही. तू रांगत होतास तेव्हाच ती गेली. तुझ्याकडे नुसता फोटो, आणि फोटोत ती बिचारी फोटोवाल्याने दटावलं म्हणून गप्प बसली आहे. अरे, माझी बहीण हसायला लागली की घोड्यासारखी फुरफुरायची, आणि हसता हसता बोलायला गेली की थेट बदक! एकदा शोकसभेतून आम्हा दोघींना बाहेर काढलं होतं. पुढच्या आवृत्तीत मला खुशाल म्हैस राहू दे, पण तिला तिचं जनावर दे. रविवारी ये. तो आवाज लिहून कळायचा नाही, मी करून दाखवते.