इंग्रजी सहावी, अलंकार आणि माझा हात

६ जुलै १९३१, सोमवार
हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावून बजावलं. मारझोडीची आणखी एक तक्रार आली तर पर्मनंट होणं विसरा. सोलापुरातला मार्शल लॉ उठून वर्ष झालं, तरी कुठे खट्ट वाजलं की हा गृहस्थ दचकतो. मी मुळात शांत माणूस. सहावीतल्या बिरप्पाला डस्टर लागलं ते त्याने मान वळवली म्हणून. मी भिंतीवर नेम धरला होता.

तरी निश्चय: आजपासून पोरांवर हात उचलायचा नाही. देशभर अहिंसा चालली आहे, इंग्रजी सहावीतही चालेल. पर्मनंट झालो की खोली घ्यायची आणि दुधनीहून ईरम्माला आणायचं. लग्न झाल्यापासून बिचारी माझ्या आईच्या हाताखाली पिचते आहे.

७ जुलै
फिगर्स ऑफ स्पीच सुरू. फळ्यावर लिहिलं, ‘ही फॉट लाइक अ टायगर.’ लाइक दिसलं की सिमिली, हे मी गाढवालाही शिकवीन. बिरप्पा उभा राहून विचारतो, वाघ खरंच हाय का न्हाय ते आदी सांगा की.

छडी मोडली. टेबलावर. बिरप्पाची बोटं मध्ये आली, त्याला इलाज नाही.

९ जुलै
तोडगा सापडला! यापुढे अलंकार बरोबर ओळखणाऱ्याने चुकलेल्याच्या मुस्काडीत द्यायची. लगेच सगळ्या वर्गाने त्या अलंकाराचं नाव मोठ्याने म्हणायचं, म्हणजे डोक्यात बसतं. चटाक, ‘मेटाफर!’ चटाक, ‘हायपरबोली!’ काय तास रंगला. मी खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही.

१३ जुलै
पोरं लबाड. आपापसात ठरवून गालावरून नुसता हात फिरवतात. अशाने यांना जन्मात पर्सॉनिफिकेशन येणार नाही. धुळाप्पाला पुढे घेतलं आणि थोबाडीत कशी देतात ते दाखवलं. डावा गाल, उजवा गाल, मागच्या बाकांना दिसलं नाही म्हणून पुन्हा डावा.
हे प्रात्यक्षिक. मारझोडीत धरता येणार नाही.

१७ जुलै
उत्तम प्रगती. बडेसाबने बिरप्पाला अशी ठेवून दिली की दात पडला. दुधाचा असावा. बिरप्पाला मिशी फुटली आहे, पण असतात काहींचे उशिरापर्यंत. मधल्या सुटीत बिरप्पाने बडेसाबला हौदात बुचकळून काढलं, तेही दर बुडीला ‘मेटाफर, मेटाफर’ म्हणत. भाषेची गोडी लागली की असं होतं.

मैनुद्दीन मास्तरांना हे कौतुकाने सांगितलं. आम्ही एका खोलीत राहतो, ते शाळेत उर्दू शिकवतात. जेवता जेवता थांबून म्हणाले, “शिवलिंगप्पा, हात तुमचाच हाय. पोरांच्या खांद्याला लावलाय फक्त.”
मी त्यांचा तांब्या भिंतीवर फेकला. शांतपणे.

२२ जुलै
परवा हेडमास्तर माझा तास बघायला वर्गावर बसणार. त्यावर पर्मनंटचं ठरणार, म्हणजे ठरल्यातच जमा. ईरम्माला कार्ड टाकलं: काम झालं, सामान बांध, रविवारी न्यायला येतो. तिला वाचता येत नाही, पण शेजारची गोजाबाई वाचून दाखवते.

२४ जुलै, शुक्रवार
सुरुवात झकास. पोरं पटापट सांगत होती. सगळी बरोबर, त्यामुळे कोणाला थोबाडीत खावी लागली नाही. हेडमास्तर मान डोलवत होते. मग स्वतः उठून फळ्यावर लिहिलं, ‘द मिल डिसमिस्ड अ हंड्रेड हँड्स.’ बडेसाबने मी शिकवल्याप्रमाणे मेटॉनिमी सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, छे, सिनेक्डकी. हात म्हणजे इथे आख्खा कामगार, अवयवावरून माणूस. मी नम्रपणे सांगितलं, मेटॉनिमी. ते हसले. मी ते फळ्यावर लिहून पुन्हा सांगितलं. त्यांनी हसत हसत फळ्यावरचं माझं मेटॉनिमी पुसलं.

पुढचं नीट आठवत नाही. आवाज आठवतो. पगडी पहिल्या बाकाखाली गेली, चष्मा खिडकीपाशी. आणि सगळा वर्ग सवयीने एका सुरात ओरडला, “मेटॉनिमी!”

२५ जुलै
बडतर्फ. हरकत नाही. व्याकरणासाठी नोकरी घालवणारा दुसरा मास्तर सोलापूर जिल्ह्यात दाखवा.
मैनुद्दीन मास्तरांनी भाकऱ्या बांधून दिल्या. ते म्हणाले, मी चार पुस्तकं पाहिली, हेडमास्तरांचं बरोबर होतं. चारही पुस्तकं चुकीची असू शकतात. असं मी म्हटलं, पण भाकरीचं गाठोडं घेताना त्यांच्याकडे बघवलं नाही.

२६ जुलै, रविवार, दुधनी
ईरम्मा नवं लुगडं नेसून ओसरीवर. शेजारी ट्रंक, वळकटी, दोरीने बांधलेली भांडी. आई आत, दाराकडे पाठ करून. कार्ड वाचून घेतल्यावर ईरम्माने इतक्या वर्षांचं मनात साठलेलं सगळं आईला तोंडावर सुनावलं म्हणे. एक शब्द ठेवला नाही. आईने चुलीपाशी पाऊल टाकायची बंदी केली आहे. काल दुपारपासून ती उपाशी आहे, तरी तोंडभर हसत होती. इतकं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

पाय धुताना मला रडू आलं. फार रडू आलं. तिला वाटलं, आनंदाने.
म्हणाली, “परतीची गाडी कवा हाय? आता मला हितं एक दिवसबी ऱ्हाता येनार न्हाय.”
मी म्हटलं, बघून येतो, आणि स्टेशनवर येऊन बसलो आहे.