सीटखालचा अ‍ॅम्प्लिफायर

१८ जानेवारी, रविवार

समाधानचा जलदान विधी झाला. भंतेजी गेले, पाहुणे गेले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीकडे तोंड करून पडल्या आहेत. आलेली प्रत्येक बाई सांगत होती, रड गं, हलकं वाटेल. मला हलकं व्हायचं नाही.

पोलिसांनी कागदावर लिहिलंय, शॉर्ट सर्किटमुळे गाडीला आग. म्हणजे कुणीच काही केलं नाही! वायरनेच केलं!

पण वायर कुणीतरी जोडली होती. आकुर्डीच्या साउंडवाल्या अजिंक्यने.

२० जानेवारी, मंगळवार

तनुजा येऊन गेली. समाधानच्या व्हॅनमधून पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या बायकांपैकी ती एक. तिला परत सगळं सांगायला लावलं. मधल्या सीटखालून धूर आला. समाधानने गाडी कडेला घेतली, एकेकीला हाताला धरून उतरवलं. सगळ्या उतरल्या. मग बॅटरीची वायर काढायला तो परत आत शिरला. मागे गॅसचा सिलिंडर होता आणि बायका जवळच उभ्या होत्या, म्हणून. तिथेच भाजला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जीव गेला.

सीटखाली काय होतं ते मला माहीत आहे. गाण्याचा अ‍ॅम्प्लिफायर. कंपनीच्या गेटवर गाड्या तपासतात, जादा साउंड दिसला की गाडी बाहेर. म्हणून सगळेच ड्रायव्हर तो लपवून बसवतात. दिवाळीनंतर समाधानने बसवून घेतला, तेव्हा मला ओढतच खाली नेलं होतं. "बस, बस. ठोका ऐक! छातीत लागतो की नाही?" मी म्हणाले, कानात लागतो. हसला. सीटखाली माझा हात नेऊन लावला. इस्त्रीसारखा गरम.

तेव्हा तो हसला, म्हणून मीही हसले.

२२ जानेवारी, गुरुवार

कंपन्यांना गुरुवारची सुट्टी. बाजारात जाते सांगितलं आणि बसने आकुर्डीला, अजिंक्यच्या दुकानात गेले.

मला वाटलं होतं, कुणी राक्षस असेल. पोरगाच आहे, पंचविशीचा, कानावर पेन्सिल. एका ड्रायव्हरशी थट्टा चालली होती.

"भावा, एवढा आवाज लावलास तर सिग्नलला दात पडतील तुझे."

"पडू दे राव! नवे बसवताना त्यातच एक स्पीकर टाक."

हसत होते! माझा माणूस मातीत आणि हा हसतो!

मी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून विचारलं, "सीटखाली बसवता का?"

"बसवतो की ताई. गेटवाल्याच्या बापाला दिसणार नाही."

"गरम होत नाही?"

"होतो ना. गरम होणारच तो."

पुढेही काही सांगत होता. मी रेकॉर्डिंग बंद केलं. मला हवं ते मिळालं होतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

समाधानचा फोन माझ्याकडे आहे. त्यावर अजून ड्रायव्हर लोकांचे शुभ सकाळ येतात.

२५ जानेवारी, रविवार

केलं. समाधानच्या फोनवरून ड्रायव्हरांच्या ग्रुपवर ते रेकॉर्डिंग टाकलं. खाली लिहिलं — माझी गाडी याने जाळली. तुमच्या सीटखाली काय आहे बघा.

माझं नाव घालायला हवं होतं. घातलं नाही. समाधानच्या फोटोशेजारी ते शब्द उमटले आणि एरवी दिवसभर वाजणारा ग्रुप गप्प झाला.

मग कोंडीरामभाऊंचा फोन. सगळे त्यांना मानतात. "वहिनी, अंगावर काटा आला ओ. मेलेला माणूस बोलतोय असं वाटलं. तुम्ही फक्त दुकान सांगा."

सांगितलं.

२९ जानेवारी, गुरुवार

सुट्टीचा दिवस बघून सगळे गेले. प्रत्येकाने आपापल्या गाडीतला अ‍ॅम्प उपटून अजिंक्यच्या दुकानासमोर टाकला. कोंडीरामभाऊंनी व्हिडिओ पाठवला. ढीग झालाय, वायरी लोंबतायत. कुणीतरी ओरडतंय, "घे, ऐक आता गाणी!" मग काच फुटते. अजिंक्य हात जोडून उभा आहे, तोंड हलतंय, शब्द कळत नाहीत.

परत बघितला. परत परत बघितला.

आईंनी विचारलं, "काय बघायलीस गं एवढं?" मी म्हणाले, ज्याने आपल्या समाधानची गाडी जाळली त्याचं दुकान फोडलं लोकांनी. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला आई हाय का?"

आज पोटभर जेवले.

१ फेब्रुवारी, रविवार

अजिंक्य दारात आला! इथे, कुरुळीत, आमच्या खोलीच्या दारात! कपाळाला पट्टी.

"वहिनी, तुम्हीच आला होता ना दुकानात? तेव्हाच सांगायचं होतं मला."

"सांगून काय? परत आणला असतास?"

मान खाली घातली. मग हळू बोलला. "डिसेंबरात समाधानभाऊ आले होते. गाणं मध्येच बंद पडतं म्हणून. मी सीट उचलली, तर अ‍ॅम्पला कापसाचे धागे चिकटलेले. म्हणालो, भाऊ, ह्याच्यावर पांघरूण घालता का काय? याला उघडा ठेवा, ताप बाहेर पडला पाहिजे. हसले ते. म्हणाले, बरं डॉक्टर."

"मेलेल्या माणसावर ढकलतोस?"

"आईशप्पथ वहिनी…"

दार लावून घेतलं. कडी हातात आली, इतक्या जोरात.

आई चुलीपाशी मेथी निवडत होत्या. माझा आवाज चढला म्हणून दचकल्या असतील.

पण 'बरं डॉक्टर'. हे तो कुठून आणेल? मी औषध घे म्हटलं, टोपी घाल म्हटलं, की समाधान मलाही हेच म्हणायचा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

राहवेना. तनुजाच्या घरी गेले. ती कपडे वाळत घालत होती. सरळ विचारलं, सीटखाली पांघरूण होतं?

तिच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"वहिनी, कुठल्या तोंडाने सांगू…"

सांगितलं. ठेक्यावरच्या बायकांना कँटीनमध्ये बसू देत नाहीत. सगळ्यांना गोळा करत गाडी गेटवर पोचायची, तिथे गाडीतच बसून डबे खायच्या आणि मग कामावर. थंडीत भाकरी चामड्यासारखी व्हायची. एक दिवस समाधान म्हणाला, "अगं, माझं मशीन फुकट तापतंय. ठेवा त्यावर डबे." ठेवले. गेटवर पोचेपर्यंत भाजीला वाफ! मग रोजचंच झालं. त्यांनी त्याला नावच पाडलं, 'चूलवाला'.

"ऊब निघून जाते म्हणून मग ते गोधडी घेऊन आले," तनुजा म्हणाली. "बरोबर सीटखाली बसेल अशी. म्हणाले, आईने शिवली, मापात."

मी पाणीही न घेता निघाले.

म्हणजे अजिंक्यने सांगितलं होतं. समाधानने ऐकलं, हसला, आणि डबे गार पडू नयेत म्हणून परत पांघरूण घातलं.

काय माणूस होतास रे तू! बायकांच्या भाकऱ्या गरम ठेवायला निघालास!

४ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर एकच विचार. आईंना कळता कामा नये. मुलाने मागितली म्हणून गोधडी शिवून दिली, कशाला ते विचारलंही नसेल. आता कुणी सांगितलं, तर त्यांच्या बोटांना ती सुई जन्मभर टोचत राहील.

तनुजाला शपथ घातली. ती बोलणार नाही.

राहिला अजिंक्य. त्याचं कोण ऐकतं आता? दुकानमालकाने त्याला जागा खाली कर म्हणून सांगितलंय. कोंडीरामभाऊंनी फोन केला होता. "वहिनी, उद्या सुट्टी आहे, आम्ही सगळे येतो. चौकीवर तुमचा जबाब नोंदवू. पोरगं आत गेलं पाहिजे." मी म्हणाले, येते चौकीवर. आई तिथेच भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

सीटखाली बसवला त्यानेच ना? लपवून द्यायला त्यानेच हात लावला ना? तेवढं खरं आहे. तेवढंच सांगेन. पांघरुणाचं कुणी विचारणार नाही, मी बोलणार नाही. घरात एक म्हातारी जगायची असेल, तर बाहेर कुणीतरी दोषी पाहिजे.

हे आईंसाठी म्हणते आहे. पण इथे दुसरं कोण वाचतंय? आईंसाठी एवढंच नाही. तो हसत होता त्या दिवशी. मला त्याचं हसणं बंद झालेलं बघायचंय. अजून पुरतं बंद झालेलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कोंडीरामभाऊ चौकीवर न्यायला आले, तर आई घरात नाहीत. शेजारी विचारलं, विहाराकडे, नळाकडे शोधलं. मग समाधानच्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. अजिंक्य.

"वहिनी, आजी दुकानासमोर बसल्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, ह्या लेकराला सोडा, पांघरूण म्या शिवलं होतं. पाणी देतोय, घेत नाहीत. तुम्ही या लवकर."

गेले. आई फुटक्या काचांपाशी जमिनीवर बसलेल्या. तो त्यांच्यावर सावली धरून उभा होता, एक पुठ्ठा घेऊन.

मला बघून आई म्हणाल्या, "त्या दिशी दारात बोलला त्यो, तवाच उमगलं मला. तुला कवा कळलं?"

"परवा."

"मग आज कुठं निघाली होतीस?"