पालोमासचा घाट

गुदैबिया, बहरीन
१९ एप्रिल

प्रिय नाना,

पत्र बघून दचकू नका, आम्ही तिघंही खुशाल आहोत. स्वरूपच्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे, पण तेही पुढच्या आठवड्यात निघेल आणि तो पुन्हा मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये आपल्या कूलिंग मशिनांच्या मागे लागेल. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही आईला विचाराल. नाना, फोनवर तुम्ही “बरी आहेस ना? घे, आईशी बोल” एवढंच म्हणता आणि फोन तिच्या हातात जातो. पेपर मात्र तुम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचता. तेव्हा हेही शेवटपर्यंत वाचाल, अशी आशा आहे. खालच्या मजल्यावरचे अलीमियाँ गुरुवारी संगमेश्वरला निघालेत, ते हातोहात आणून देतील. आमचं जिदहफ्सचं क्लिनिक दुपारी एक ते चार बंद असतं. डबा खाऊन रिसेप्शनच्या टेबलावरच लिहायला बसलेय.

स्पेनचे फोटो आईनं तुम्हाला दाखवले असतील. पण फोटोत काय कळतं! दरवर्षी सुट्टी म्हणजे गाव. यंदा ईदच्या सुट्टीला स्पृहानं हट्टच धरला. शाळेत तिला ग्रानाडाच्या राजवाड्यावर धडा होता, तेव्हापासून तिनं नकाशाच भिंतीला लावून ठेवला होता. मालागाला विमानातून उतरलो, तिथेच भाड्यानं गाडी घेतली आणि स्वरूपनं ती सेव्हिलपर्यंत नेली. सेव्हिलमध्ये, नाना, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं. आपल्याकडे रस्त्याकडेला वड असतात तशी. झाडावर जुनी फळंही आहेत आणि नवी फुलंही, आणि अख्ख्या शहराला त्या फुलांचा वास. स्पृहानं एक फळ उचलून खाल्लं आणि तोंड असं केलं की शेजारच्या टेबलावरची माणसं हसायला लागली. कडू जहर असतं ते. वेटर म्हणाला, हे नुसतं मुरंब्याचं, आणि त्यानं नाव सांगितलं, ‘नारांखा’. मी जवळजवळ ओरडलेच, अरे, हे तर आपलं नारिंग! एवढ्या लांब जाऊन आपल्याच परसातला शब्द भेटला.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या लाल विटांच्या अर्धगोल इमारतीपाशी गेलो. तिच्या पुढ्यात कालवा आणि कालव्यात वल्ह्याच्या होड्या. स्वरूप म्हणाला, मी खाडीकाठचा माणूस, मला काय शिकवता! वल्हवली झकास. उतरताना मात्र शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला आणि खाडीकाठचा माणूस हातावर आपटला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, बारीकशी चीर होती. प्लास्टर घालून झाल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरल्याचा अभिनय केला आणि बोट हलवून ‘नो’ म्हणाल्या.

हॉटेलच्या खोलीत येऊन आम्ही तिघं पलंगावर ओळीनं बसलो. रोंडा, कोर्दोबा, ग्रानाडा, सगळं अजून बाकी होतं. स्वरूप म्हणाला, “खलास. गाडी परत करू. बसनं जेवढं जमेल तेवढं बघू.” मी म्हटलं, “गाडी मी चालवते.” तो माझ्याकडे बघतच राहिला. “तू? बहरीनमध्ये घर ते जिदहफ्स सोडून कुठे गेलीयस?” मी काही बोलणार तेवढ्यात स्पृहा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “बाबा, शी ड्राइव्हज बेटर दॅन यू.”

हो नाना. मी गाडी चालवते. दोन वर्षं झाली. गुदैबियाहून जिदहफ्सला रोज माझी मी येते-जाते. हे तुमच्यापासून लपवलं, आईलाही शपथ घातली होती. इतकंच काय, स्पेनमध्ये पुढे गाडीचं काय केलंत, असं तिनं विचारलं तेव्हा मी ‘ड्रायव्हर होता’ असं सांगितलं. खोटं नव्हतं ते, फक्त ड्रायव्हर मीच होते. शिकले ती क्लिनिकमधल्या सुहाच्या जिवावर. ती इथलीच, जिदहफ्सची. दर शुक्रवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर मला शेजारून ‘यल्ला, यल्ला’ करत पळवायची. तीनदा नापास झाले, चौथ्यांदा पास. सगळे म्हणत होते ऑटोमॅटिकचं लायसन्स काढ, सोपं पडतं. मी गियरचंच काढलं. देवरुख डेपोच्या ड्रायव्हरची मुलगी मी, दुसरं काय काढणार!

तरी एक सांगते. बहरीन म्हणजे तळहात. इथे चढ म्हणजे फार तर फ्लायओव्हर. मी आयुष्यात घाट चालवला नव्हता आणि हे मला आठवलं कधी, तर सेव्हिल सोडून दोन तास झाल्यावर. समोर करडे डोंगर उभे राहिले आणि स्पृहा म्हणाली की तिनं नकाशावर ‘सुंदर रस्ता’ असं लिहिलेला रस्ता निवडलाय. पालोमासचा घाट त्याचं नाव. पालोमा म्हणजे कबुतर. कबुतरं नव्हती, पण डोक्यावर गिधाडं फिरत होती. स्वरूपनं प्लास्टरचा हात छातीशी धरला.

खाली हिरव्या-निळ्या पाण्याचं मोठं धरण, त्याच्या वरच्या टेकडीवर पांढऱ्या घरांचं गाव, आणि आमचा रस्ता वळत वळत वर. दुसरा गियर, तिसरा, परत दुसरा. चौथ्या-पाचव्या वळणावर बघते तर शंभर-दीडशे बकऱ्या रस्ता अडवून उभ्या! पुढे एक गाडी, मागे अगदी चिकटून दुसरी आणि मी ऐन चढावर. बकऱ्या गेल्या, पुढची गाडी हलली. मी क्लच सोडला, गाडी हातभर मागे आली. मागच्यानं हॉर्न मारला. घाम फुटला मला. आणि नाना, तेव्हा तुमचा आवाज आला. खरंच आला. मी सहावीत असेन, तुमच्या शेजारी बॉनेटवर बसले होते आणि तुम्ही त्या नव्या मुंडे ड्रायव्हरला सांगत होता, “घाई नाय करायची. इंजिनाचा आवाज जड झाला की मग हॅन्डब्रेक सोड. गाडी आपणच सांगते.” मी हॅन्डब्रेक ओढला, काच खाली केली, कान दिला. आवाज जड झाला. सोडला. गाडी लोण्यासारखी वर चढली! मी मोठ्यानं हसले. स्वरूप म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, नाना आलेत.

पण वर गेलो तसं धुकं आलं. आधी पातळ, मग वीस-पंचवीस पावलांपलीकडे काही दिसेना. मी दिवे लावले, वेग कमी केला, प्रत्येक वळणावर हॉर्न. एका डावीकडच्या वळणावर धुक्यातून एकदम दोन दिवे समोर आले. माणसं जिच्यात राहतात-झोपतात तशी मोठी व्हॅन, रस्त्याच्या मधोमध, उतारावरून खाली येणारी. पुढचं मला नीट सांगता येत नाही, नाना. मी विचार केला नाही. हातांनी स्टेअरिंग उजवीकडे कातळाकडे फिरवलं, पाय ब्रेकवर गेला, फाट्कन आवाज झाला आणि सगळं थांबलं. आरसा दुमडला होता, बाकी गाडीला ओरखडाही नाही. व्हॅनमधला म्हातारा खाली उतरून आला, छातीवर हात ठेवून कुठल्याशा भाषेत पुन्हा पुन्हा माफी मागत होता. स्पृहानं मागून माझ्या गळ्यात हात टाकले होते. मी पुढे जाऊन जागा मिळाली तिथे गाडी उभी केली आणि पंधरा मिनिटं नुसती बसून राहिले. 

नाना, आता जे लिहितेय ते आपल्या घरात बावीस वर्षांत कुणी बोललेलं नाही. मी बारावीत होते. आंबा घाटात धुकं होतं आणि भाजीचा टेम्पो तुमच्या गाडीवर आला. तुमचे एक्केचाळीस पॅसेंजर घरी गेले, टेम्पोवाला कधीच घरी पोचला नाही. चौकशीत तुमचा दोष नाही असं लेखी आलं, तो कागद आईनं कपाटात जपून ठेवला, तुम्ही तो वाचलासुद्धा नाही. डेपोत टेबलाचं काम मागून घेतलंत. दुसऱ्या वर्षी मी गाडी शिकू का म्हणून विचारलं, तर म्हणालात, “आपल्या घरात आता स्टेअरिंगला कुणी हात लावायचा नाय.” मी किती वर्षं त्याचा राग धरला. मला वाटायचं, मुलगी म्हणून नाही म्हणालात. मग एकदा आईनं सांगितलं की तुम्ही झोपेत म्हणता, अर्धा सेकंद आधी वळवली असती तर.

नाना, अर्धा सेकंद नसतोच. मी तिथे होते. आधी काही ठरवायचं आणि मग करायचं, एवढी जागाच नसते तिथे. दिवे दिसले तेव्हा माझे हात आधीच फिरले होते. माझं नशीब की समोरचा हळू होता. टेम्पोचा ब्रेक लागला नाही, असं त्या कागदात लिहिलंय, मी वाचलाय. तुमच्याही हातांनी तेच केलं असणार, जे माझ्या हातांनी केलं. तुमच्याकडूनच आलेत ते हात. हे मी तुम्हाला समजूत घालायला लिहीत नाही. चालवणाऱ्यानं चालवणाऱ्याला सांगावं, तसं सांगतेय.

त्यानंतर धुकं विरलं आणि पलीकडच्या अंगाला उतरताना इतका उजेड होता की डोळे दिपले. उतार तुमच्या पद्धतीनं उतरले, ज्या गियरनं चढावं त्याच गियरनं. “गाडी इंजिनाच्या हाती द्यायची, बिरेकच्या नाय.” स्वरूप आता माझ्या चालवण्यावर बोलत नाही, उलट इथल्या मित्रांना ‘आमच्या ड्रायव्हरीणबाई’ म्हणून सांगत सुटलाय. पुढचे पाच दिवस मीच चालवली. रोंडाला एवढी खोल दरी आणि तिच्यावर पूल. कोर्दोबाच्या जुन्या मशिदीत खांबच खांब, पोफळीच्या बागेत शिरल्यासारखं वाटतं, आणि वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी. आता ते चर्च आहे. आणि ग्रानाडा! राजवाड्याच्या भिंतींवर वेलबुट्टीसारखी अक्षरं कोरलेली. माझी मुलगी, जिला घरात मराठीत उत्तर द्यायला जिवावर येतं, ती तिथे थांबून शाळेत शिकलेलं अरबी एकेक अक्षर लावून वाचायला लागली, तर मागे दहा-बारा पर्यटक गोळा झाले. तिनं तिथूनच सुहाला व्हिडिओ कॉल लावला, दोघी नुसत्या किंचाळत होत्या. तिथलं पाणीही डोंगरातून पाटानं आणलंय, बागेतून, अंगणातून, अगदी जिन्याच्या कठड्यातूनसुद्धा खेळवलंय. तुम्ही असतात तर राजवाडा सोडून पाटाचा उतार कसा काढलाय तेच तपासत बसला असतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. चौदा मेला मलकापूरला मामाच्या गौरवचं लग्न आहे. परवा आई म्हणाली, मी जाऊन येईन एकटी, नेहमीसारखी. नाना, आंबा घाट ओलांडला की तिचं माहेर. आजी गेली तेव्हाही तुम्ही घाट चढला नाहीत, ती एसटीनं एकटीच गेली. ती कधी बोलत नाही, म्हणून मी बोलते. मी अकरा मेला गावी येतेय. रत्नागिरीत गाडी ठरवलीय, नुसती गाडी, ड्रायव्हर नाही. आई आणि स्पृहा मागे बसतील. मला डावीकडून चालवायची सवय नाही आणि आंबा घाटाची वळणं माझ्यापेक्षा तुम्हाला माहीत आहेत, तेव्हा शेजारी मला जाणतं माणूस लागणारच आहे. वाटभर एक शब्द बोलला नाहीत तरी चालेल. घाटाच्या पायथ्याशी, साखरप्याला चहाला थांबू. तिथे तुम्ही म्हणालात की पुढे नको, तर मी तिथूनच गाडी वळवून तुम्हाला घरी आणून सोडेन, कुणी का म्हणून विचारणार नाही, आईसुद्धा नाही. पण साखरप्यापर्यंत तरी याल ना, नाना?

तुमच्या उत्तराची वाट बघणारी,
तुमचीच
भक्ती