बिनकाठाचं लुगडं

आई, तुला मी आठवते तरी का? जिवंतपणी चुलीवर दूध ठेवून शेजारणीशी गप्पा मारत बसायचीस, मग इतक्या वर्षांनी मी कुठली लक्षात राहायला! मी तुझी थोरली. मी सांगतेय, नात लिहून घेतेय. तिचं हिंजवडीचं ऑफिस आज घरूनच आहे, म्हणून तावडीत सापडली.

तुला लांबचं दिसायचं नाही. धायरीच्या ओढ्यावरून बायका धुणी घेऊन यायला लागल्या, की तू चेहरे बघायचीसच नाहीस, लुगड्याचा काठ बघून नाव सांगायचीस. आणि कापडाच्या दुकानात पदराची एक दशी ओढून तिला काडी लावायचीस. राख झाली तर घ्यायचं, वितळून मणी झाला तर दुकानदाराच्या पुढ्यात टाकून उठायचं. मी लाजेनं पायरीवर उभी. "लाजतेस काय? बाईनं जाताना सुतीच नेसावं. आगीत अंगाला चिकटत नाही, राख होऊन सुटतं." हे तू मला माझ्या लग्नाच्या खरेदीत सांगितलंस. काय तो मुहूर्त!

आता माझंही आवरत आलंय. नातीला म्हटलं, नेसवायला एक सुती नऊवारी आणून ठेव. तिनं आणली. घडीवर चिठ्ठी चिकटवलेली. "आजी, शंभर टक्के सुती लिहिलंय. कापड कशाचं ते छापावंच लागतं, नियम आहे." मला अक्षर कळत नाही, काडी कळते. सूत ओढलं, पेटवलं, तर टपोरा काळा मणी! तश्शी रिक्षा करून तिला घेऊन पेठेतलं दुकान गाठलं.

"खोटं छापता होय?"

दुकानदार चष्म्यावरून बघतो. "आजी, सूत कुठलं ओढलंत?"

"काठाचं."

"मग खालची बारीक ओळ वाचायची. 'काठ वगळून.' काठ पॉलिस्टरचा आहे, लपवलेलं नाही."

"मला वाचता येत नाही."

"मग भांडायला तरी सावकाश यायचं."

नात हसली, मीही हसले, पण पेच तसाच राहिला बघ. काठ ठेवावा तर तो चिकटणार. काढावा तर तू मला ओळखणार कशावरून? नात म्हणाली, "पणजीच्या लुगड्याचे काठ आहेत की तुझ्या गोधडीत, सुती. ते उसवून लावू." म्हटलं, "आणि या थंडीत मी काय पांघरू? अजून इथंच आहे मी." शेवटी काल तिनं दोन्ही काठ कापून टाकले. लुगडं कसं उघडंबोडकं दिसतंय. असू दे. आता पुन्हा दुकानं फिरायची ताकद नाही गं.

म्हणून एवढंच सांगणं. बिनकाठाची बाई येताना दिसली, तर ती मी. दुधासारखं हेही विसरू नकोस.

नात विचारतेय, टाकू कुठल्या पत्त्यावर? म्हटलं, राहू दे त्या लुगड्याच्या घडीत. तुला तरी कुठं वाचता येत होतं! आणि एक सांगते, रागावू नकोस. रोज अंगावर माझ्या पॉलिस्टरच असतं. झटकन वाळतं, पिळायला हात दुखत नाहीत.

पितृपक्षात दरवर्षी आम्ही तुला खीर-वडे पाठवतो. कधीतरी तूही पाठव काही. ताकातल्या कण्या पाठव. मऊ शिजव, दात राहिले नाहीत.